पाकिटावरची अक्षरे कुणाला वाचता येतात?

गेल्या आषाढात ओपीडीत एक ताई आल्या. वय 42, रिसोड तालुक्यातल्या एका गावच्या, घरीच शिवणकाम करणाऱ्या. छातीत धडधडते, रात्री झोप येत नाही, तोंड सारखे कोरडे पडते, पायात गोळे येतात, अशा तक्रारी. रक्तदाब 160/100. जुन्या कार्डावर तो 130 च्या आत होता. त्या दिवशी दाराबाहेर दीडशे माणसांची रांग होती. मी रक्तदाबाची गोळी लिहिली, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या आणि पुढचा केसपेपर ओढला.

रिपोर्ट आला तेव्हा रक्तातले पोटॅशियम 2.9 होते. ते साडेतीनच्या खाली असता कामा नये. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, लघवीची गोळी चालू नाही, मग पोटॅशियम गेले कुठे? दुसऱ्या भेटीत, जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला. ताई, आणखी काही घेता का?

त्यांनी पिशवीतून एक हिरवे पाकीट काढून टेबलावर ठेवले. "हे घेतो जी. पन हे औषध नाही, चहा हाय."

पाकिटावर कमळाचे पान, एक सडपातळ मुलगी आणि सगळीकडे चिनी अक्षरे. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत एवढेच की हे शंभर टक्के नैसर्गिक आहे. सोबत चंदेरी पट्टीत कॅप्सूल, त्यावर कसलेच नाव नाही. पुण्यातल्या भाच्याने मोबाईलवरून मागवून दिले होते. सकाळी एक कॅप्सूल, रात्री झोपताना चहा. दोन महिन्यांत 6 किलो वजन उतरले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पोट साफ होते का विचारले तर म्हणाल्या, "दिवसातून चार-पाच बार. घान निंगते ना आंगातली." मागच्या वेळी का सांगितले नाही, यावर त्यांचे उत्तर असे होते: "तुमी औषध इचारलं. चहा कोन सांगते?"

बरोबर आहे त्यांचे. चहा कोण सांगतो?

वजन कमी करण्याची चिनी औषधे, चिनी चहा, कानाला चिकटवायच्या बिया, पोटावर टोचायच्या सुया हे सगळे आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. आमच्या वाशिमसारख्या जिल्ह्यातही ते मोबाईलवरून आणि कधीमधी मंगल कार्यालयातल्या शिबिरांतून पोचते. म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

चिनी वैद्यक लठ्ठपणाकडे कसे पाहते हे वाचले की आपल्याला ते परके वाटत नाही. त्यांच्या मते प्लीहेची पचवण्याची शक्ती मंदावली की शरीरात ओलावा आणि कफ साचतो आणि अंग जड होते. आपला मंदाग्नी, कफ आणि मेद यांची ही चुलत भावंडेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या 21 व्या अध्यायात अतिस्थूल माणसाची लक्षणे आणि उपाय आहेत, आणि पोटाला जड पण पोषण कमी असे अन्न अशा माणसाला द्यावे असे तिथे सांगितले आहे. आजचा आहारतज्ज्ञ कोंड्यासकट धान्य आणि पालेभाज्या खा म्हणतो ते याहून फार वेगळे नाही. जुन्या लोकांनी माणसे नीट पाहिली होती. त्यांच्या निरीक्षणाला मी हसत नाही.

हसण्यासारखी परिस्थितीही नाही. तीव्र मलेरियाच्या रुग्णाला आम्ही आर्टेसुनेटचे इंजेक्शन देतो, ते मुळात एका चिनी वनौषधीतून आलेले आहे. तू यूयू या संशोधक बाईंनी चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्याची नोंद वाचली, वनस्पती उकळण्याऐवजी कमी तापमानाला अर्क काढला, आणि 1972 च्या सुमारास त्यातले नेमके द्रव्य हाती आले. 2015 साली त्यांना नोबेल मिळाले. पण यात वनस्पतीइतकाच महत्त्वाचा भाग पुढचा आहे. त्या पानातले द्रव्य कोणते, किती मिलिग्रॅम, किती दिवस, कुणाला द्यायचे नाही, हे सगळे ठरले. म्हणून ते इंजेक्शन मी निर्धास्तपणे देऊ शकतो. ताईंच्या कॅप्सूलबद्दल यातले एकही उत्तर मिळत नव्हते.

आता त्या चहाचे. वजन उतरवणाऱ्या बहुतेक चहांत सोनामुखीची पाने किंवा चिनी रेवंदचिनी असते. दोन्ही रेचक. पोट साफ होणे आणि चरबी कमी होणे यांचा काहीही संबंध नाही, हे मी रोज सांगतो आणि रोज कुणालाच पटत नाही. अन्नातले तेल, साखर, पीठ यांचे शोषण लहान आतड्यात होऊन जाते. रेचक काम करते ते मुख्यतः त्यापुढच्या मोठ्या आतड्यावर. तिथून जाते ते पाणी आणि क्षार. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, ते पाण्याचे. सोबत पोटॅशियम जाते, मग पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकतात. महिनोन्महिने घेतले की आतडे आळशी होते आणि चहाशिवाय हलत नाही.

पण 6 किलो काही नुसत्या चहाने उतरत नाहीत. भूक मेली, झोप उडाली, तोंड कोरडे पडले, रक्तदाब चढला. ही लक्षणे एकत्र दिसली की मला सिब्युट्रामीन आठवते. भूक मारणारे हे औषध कोणत्याही झाडाला लागत नाही, ते कारखान्यात तयार होते. एकेकाळी ते डॉक्टरच लिहून देत. मग सुमारे 10 हजार रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढल्याचे दिसले. 2010 मध्ये युरोप-अमेरिकेतून ते मागे घेतले गेले आणि फेब्रुवारी 2011 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. दुकानातून गेले, पण 'हर्बल' कॅप्सूलमध्ये गुपचूप मिसळलेले ते आजही जगभरच्या तपासण्यांत सापडत राहते. 2002 साली जपानमध्ये चिनी बनावटीच्या बारीक होण्याच्या गोळ्यांत फेनफ्लुरामीन या औषधाचाच एक बदललेला प्रकार सापडला होता, आणि त्या गोळ्या घेतलेल्या काही जणांचे यकृत निकामी होऊन मृत्यू झाले.

ताईंच्या कॅप्सूलमध्ये हेच होते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आमच्या प्रयोगशाळेत रक्तातले पोटॅशियम कळते, कॅप्सूलच्या पोटातले कळत नाही.

या विषयातली सर्वांत मोठी शिकवण बेल्जियममधून आली. तिथे ब्रुसेल्स शहरात वजन कमी करण्याचा एक दवाखाना होता. चालवणारे भोंदू नव्हते, डॉक्टरच होते, आणि दवाखाना पंधरा वर्षे विनातक्रार चालला होता. 1990 साली त्यांनी आपल्या औषधात दोन चिनी वनस्पतींची भर घातली. 1992 मध्ये शहरातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. पन्नाशीच्या आतल्या, आधी ठणठणीत असलेल्या बायका मूत्रपिंडे निकामी होऊन येत होत्या. चौकशी केली तर सगळ्या त्याच दवाखान्यातल्या. 1993 मध्ये ही हकिकत 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली. कित्येकींना डायलिसिस, कित्येकींना मूत्रपिंड प्रत्यारोपण.

चूक कुठे झाली? नावात. दवाखान्याला हवी होती 'हान फांग जी' नावाची वनस्पती. पोत्यातून आली 'ग्वांग फांग जी'. नावे भावाभावांसारखी, वनस्पती मात्र पूर्ण वेगळ्या कुळातल्या. दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते आणि ते मूत्रपिंड आतून सुकवत नेते. तेवढ्यावर थांबले नाही. 2000 साली आलेल्या अभ्यासात, ज्या 39 रुग्णांची निकामी मूत्रपिंडे खबरदारी म्हणून काढली होती त्यांच्यापैकी 18 जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. गोळ्या बंद होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

चिनी वैद्यकाची बाजू घ्यायची तर एक गोष्ट सांगायला हवी. 'फांग जी' ही तिथे बारीक होण्याची मुळी नाहीच. सूज, सांधेदुखी यांवर थोडे दिवस काढा म्हणून ती वापरली जाई. वर्ष-वर्षभर, कॅप्सूलमध्ये, भूक मारणाऱ्या आधुनिक गोळ्यांसोबत ती देण्याची अक्कल ब्रुसेल्सचीच. पुढे 2003-04 मध्ये चीननेही या आम्लाच्या काही वनस्पतींवर बंदी घातली.

हे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्या बांधावर या. याच कुळातल्या दोन वनस्पती आपल्याकडे उगवतात, सापसंद आणि किडामारी. किडामारी काळ्या जमिनीत, शेताच्या कडेला सहज दिसते, आणि जंतांवर, तापावर तिचा पाला उगाळून देणारी माणसे अजून आहेत. तिच्यातही तेच आम्ल आहे. सांगायचा मुद्दा, 'झाडपाल्याचे आहे, काही होत नाही' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटले त्याने धोतरा पाहिला नसावा.

सुयांबद्दल मात्र माझे मत एवढे कडक नाही. ॲक्युपंक्चरशी आपले नाते जुने आहे, आणि ते बहुतेकांना चुकीचे माहीत आहे. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भातल्या माणसालाही सांगावे लागते. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. सुया शिकायला ते गेले नव्हते. 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या 32 व्या वर्षी ते तिथेच गेले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात ते रुजवले. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, केंद्रानेही 2019 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा सुया टोचणाऱ्या प्रत्येकाला भोंदू म्हणणे चूक आहे.

वजनावर त्याचा उपयोग किती? पोटावर, गुडघ्याखाली ठराविक ठिकाणी सुया, किंवा कानाच्या पाळीवर बिया चिकटवून भूक लागली की दाबायच्या, अशा पद्धतींचे बरेच प्रयोग झाले आहेत, बहुतेक लहान आणि ढिसाळ. जिथे फायदा दिसतो तिथे तो सहसा एखाद-दोन किलोंचा असतो, आणि खोट्या सुया टोचलेल्या गटाचेही वजन काही प्रमाणात उतरलेले असते. माझा अंदाज असा की आठवड्यातून दोनदा कुणीतरी वजनाची चौकशी करते, काय खाल्ले विचारते, त्याचाही वाटा यात असावा. निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई असेल आणि टोचणारा नोंदणीकृत असेल तर नुकसान मुख्यतः खिशाचे. सुईसोबत पुडी दिली की माझी हरकत सुरू होते.

अशा पुड्यांना आवर घालणारा कायदा नाही असे नाही. 1954 चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा कायदा आहे. ज्या आजारांवर 'हमखास उपाय' म्हणून औषधाची जाहिरात करताच येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे, आणि त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे बसस्टँडच्या भिंतीवर '15 दिवसांत 10 किलो' असे लिहिणारा प्रत्येक जण कायदा मोडतो आहे, आणि तो गेली सत्तर वर्षे मोडतो आहे. आता भिंतीची जागा मोबाईलने घेतली. पाकिटावर 'औषध' न लिहिता 'चहा' किंवा 'पूरक आहार' लिहिले की विकणाऱ्याचा जीव आणखी हलका होतो. मला वाटते, अन्न व औषध प्रशासनाने वर्षातून दोनदा तरी जिल्ह्याजिल्ह्यांतून, मोबाईलवरून मागवूनच, अशी पाकिटे घ्यावीत, तपासावीत आणि निकाल नावानिशी वर्तमानपत्रात द्यावेत. तोवर एक काम आपल्या हातात आहे. कोणत्याही औषधाने, मग ते झाडपाल्याचे का असेना, त्रास झाला तर 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येते. हा क्रमांक देशाच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा आहे. रुग्णही फोन करू शकतो. पाकीट मात्र फेकू नका, तोच पुरावा.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मला टोचत राहते. ताई त्या चहाकडे गेल्या का? जुने कार्ड पुन्हा पाहिले. दोन वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. माझ्याच अक्षरात, दुखण्याच्या गोळीखाली दोन शब्द होते: 'वजन कमी'. कसे, किती, काय खाऊन, काहीच नाही. चहा विकणाऱ्याने त्यांच्याशी फोनवर वीस मिनिटे बोलून घेतले होते. सकाळी काय खाता, झोप कशी, पाळी नियमित आहे का, सगळे विचारले होते. त्याला विकायचे होते म्हणून विचारले, हे खरे. पण विचारले.

लठ्ठपणा हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, ही आमच्या पिढीच्या डॉक्टरांची समजूत होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 24 टक्के स्त्रियांचे वजन जास्त निघाले. भारतीय माणसाला पोटाची चरबी लवकर धरते, म्हणून बाईची कंबर 80 सेंटिमीटर आणि पुरुषाची 90 च्या पुढे गेली की आम्ही सावध व्हायला सांगतो. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी बांधावरून हटत गेली, भाकरीच्या जागी पोळी आली, पाच लिटरचा तेलाचा डबा घरोघरी आला. ताईंच्या शिलाई मशीनला मोटर बसली आणि दिवसभर निदान पाय हलत होते तेही थांबले.

गोळ्या आणि चहा बंद केल्यावर तीन आठवड्यांत त्यांचे पोटॅशियम भरून आले, रक्तदाब 134/84 वर आला, मी लिहिलेली गोळीही थांबवता आली. सव्वा महिन्यात वजनही 4 किलो परत आले. त्या काट्यावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "तुमी बंद करा म्हनलं, म्या बंद केलं. आता मी काय करू थे सांगा."

त्या दिवशी मी त्यांना शेवटचा नंबर घ्यायला सांगितले. रांग संपल्यावर, दोनच्या सुमारास, आम्ही कागद घेऊन बसलो. दिवसात सहा कप चहा, कपात दोन चमचे साखर. म्हणजे रोज 60 ग्रॅम, 240 कॅलरी. चार माणसांत महिन्याला पाच लिटर तेल, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅमच्या आसपास, 340 कॅलरी. यातले साखर-तेल दोन्ही अर्ध्यावर आले तर रोज तीनशेच्या जवळपास कॅलरी सुटतात, आणि त्यातून महिन्याला एक किलो किंवा थोडे जास्त उतरू शकते. "महिन्याले येकच?" त्यांनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा मला दिसली. चहावाल्याने दोन महिन्यांत सहा दिले होते. मी म्हटले, हो, एकच, आणि मध्ये एखाद्या महिन्यात तेवढाही नाही. रात्रीच्या पोळीऐवजी भाकरी, वरणाची वाटी मोठी, दर तासाला मशीनवरून उठून अंगणाच्या दहा फेऱ्या. गुडघ्यांना सोसेल तसे संध्याकाळी फाट्यापर्यंत चालणे. मोटर काढून पुन्हा पायाने मशीन चालवायची सूचना मी केली, ती त्यांनी हसण्यावारी नेली. गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणाल्या.

वजनाची नवी इंजेक्शनेही आली आहेत, खरीखुरी, तपासलेली, आणि ज्यांचा आजार तेवढा पुढे गेला आहे त्यांना उपयोगाची. पण त्यांचा महिन्याचा खर्च ऐकून ताईंनी पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून गुडघे, रक्तदाब, साखर, कशासाठीही आलेल्या माणसाला मी एक जास्तीचा प्रश्न विचारतो. 'औषध' हा शब्द टाळतो. पावडर, चहा, काढा, कुणी दिलेली पुडी, मोबाईलवरून आलेले काही? पहिल्यांदा नाही म्हणतात. नळीने रक्तदाब मोजेपर्यंत थांबले की निम्मे लोक पिशवीत हात घालतात. टेबलाच्या खालच्या खणात आता अशी चौदा पाकिटे जमली आहेत. दोन चिनी, एकावर कोरियन अक्षरे, बाकीची आपल्याच देशातली, आणि त्यातल्या नऊंवर आत काय आहे ते कुठल्याच भाषेत लिहिलेले नाही.

गेल्या सोमवारी ताई पुन्हा आल्या. चार महिन्यांत 3 किलो कमी. सोबत धाकटी जाऊ होती, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी. मी ताईंचा कागद लिहीत होतो तोच त्यांनी जावेला कोपराने ढोसले.

"दाखव ना वं डाक्टरले. काढ ते पाकीट."